सरोजिनीबाईंची गाडी

मी एक गाडी बोलतेय. राखाडी रंगाची, छोटी. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मेहबूबभाईंचं गॅरेज आहे, त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो. गॅरेजमध्ये येणारी माणसं माझी रुंद चाकं बघतात, चाकांच्या आतून डोकावणारे लाल ब्रेक बघतात आणि विचारतात, "रेसची आहे का?" मेहबूबभाई म्हणतात, "ट्रॅकवर जाते." मग ती माणसं फोटो काढतात. त्याआधी मी कुठे जायचे, कोणाला घेऊन जायचे, हे कोणी विचारत नाही. न विचारता सांगतेय, ऐकून घ्या.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आम्ही सगळ्या सारख्याच, एकीमागून एक बाहेर पडलो. मला माझी अशी ओळख मिळाली ती नाशिकच्या शोरूममध्ये, वेणीमाधव आणि सरोजिनीबाई मला बघायला आले त्या दिवशी.

वेणीमाधव ओझरच्या विमान कारखान्यात होते. धावपट्टीवर उतरलेलं विमान ज्या ब्रेकनी थांबतं, ते ब्रेक तपासायचं त्यांचं काम. त्यामुळे आल्या आल्या ते वाकून माझ्या चाकांकडे बघत बसले. सरोजिनीबाई मात्र सरळ दार उघडून आत बसल्या. उंची कमी, म्हणून सीट पुढे ओढून घेतली. आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "हीच घेऊ."

"अगं, अजून दोन गाड्या बघायच्यात."

"तुम्ही बघून या. मी इथेच बसते."

अशी मी इंदिरानगरात आले.

वेणीमाधवांना न्यायला कारखान्याची बस यायची, त्यामुळे कागदावर मी त्यांची असले तरी खरी सरोजिनीबाईंचीच. त्या विमा कंपनीच्या ऑफिसात होत्या. चाळिशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या, माझ्यावरच. सुरुवातीला मुंबई नाक्याच्या सिग्नलला मी हमखास बंद पडायचे. मागून हॉर्न वाजायचे, बाईंच्या तळहातांचा घाम माझ्या स्टिअरिंगला लागायचा. पण हळूहळू त्यांचा पाय बसला. तसा हलका पाय मला पुन्हा भेटला नाही. झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसा त्या क्लच सोडायच्या. मी कधी हलले ते माझं मलाच कळायचं नाही.

एकदा घरातून निघताना त्या म्हणाल्या, "मोहिनीकडे जाऊन येते." मोहिनी ही त्यांची ऑफिसातली मैत्रीण, गंगापूर रोडला राहायची. आम्ही मोहिनीच्या घरावरून तशाच पुढे गेलो, थेट गंगापूर धरणाच्या पाण्यापर्यंत. बाईंनी काचा खाली केल्या. पर्समधून पेरू काढला, तिखट-मीठ लावून सावकाश खाल्ला. फोन पाहिला नाही, कोणाशी बोलल्या नाहीत. परत फिरताना माझ्या डॅशबोर्डवरून हात फिरवून म्हणाल्या, "बरं झालं बाई, तू आहेस." त्यानंतर त्या मोहिनीकडे बऱ्याचदा जायला लागल्या. ते पाणी फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

त्यांची मुलगी यशश्री. तिला बाबांनी शिकवलं, ओझरकडच्या मोकळ्या रस्त्यावर. तिचा पाय आईसारखा नव्हता. तिला वेग आवडायचा. पण ती उनाड नव्हती. वळण आलं की ते कसं घ्यावं याचा विचार करायची, चुकलं की स्वतःशीच "च्च" करायची. पुढे ती इंजिनिअर झाली, सातपूरच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करायला लागली.

एकदा तिघं माझ्यातूनच एका लग्नाला चालले होते. यशश्री चालवत होती. ती म्हणाली, "बाबा, दक्षिणेत एक ट्रॅक आहे. ठरलेल्या दिवशी आपापली गाडी घेऊन जायचं आणि मनसोक्त चालवायची. शर्यत नसते. समोरून कोणी येत नाही, खड्डा नाही, गाय नाही."

"कशासाठी पण?"

"मला किती येतं ते बघायला."

वेणीमाधव नुकतेच निवृत्त झाले होते. घरात बसून त्यांचं सगळ्या कड्या-कोयंड्यांना तेल घालून झालं होतं. ते म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर."

मागच्या सीटवरून सरोजिनीबाई म्हणाल्या, "गाडी मात्र जपून आणा हं. सोमवारी मला ऑफिस आहे."

ट्रॅक काय असतो हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी आयुष्यभर गर्दीतून वाट काढत आले होते. इथे नुसता काळा, गुळगुळीत, वळणावळणाचा रस्ता आणि बाकी काही नाही. पहिल्या दोन फेऱ्या मला पंख फुटल्यासारख्या गेल्या. मग सरळ रस्त्याच्या शेवटी यशश्रीने ब्रेक दाबला आणि तिचा पाय खाली, आणखी खाली जात राहिला. माझ्या ब्रेकमधलं तेल उकळलं होतं, त्यात बुडबुडे झाले होते. मी थांबेना. वळण सुटलं आणि आम्ही दोघी गवत, माती उडवत कितीतरी लांब जाऊन उभ्या राहिलो. चाकांतून धूर येत होता. यशश्रीचे हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते.

वेणीमाधव कुंपणापाशी उभे होते. ते धावत आले नाहीत. चालत आले, एकेक पाऊल मोजत. मुलगी धड आहे हे बघितलं आणि माझ्या चाकाशी उकिडवे बसले. मला वाटलं, संपलं सगळं. पण संध्याकाळी चहा पिताना ते म्हणाले, "ही पळते, पण थांबत नाही. पुन्हा यायचं असेल तर आधी थांबायची सोय करू."

तिथून मेहबूबभाईंचं गॅरेज माझ्या आयुष्यात आलं. रविवार आला की बाप-लेक मला घेऊन सातपूरला हजर. मेहबूबभाईंनी माझ्या जुन्या डिस्क काढल्या. रोज माझ्याबरोबर फिरलेल्या, कडेला झिजलेल्या. त्यांच्या जागी मोठ्या, आतून हवा खेळणाऱ्या डिस्क आल्या. त्यांना पकडणारे मोठे लाल कॅलिपर आले. रबरी नळ्यांच्या जागी पोलादी जाळीच्या नळ्या, उशिरा उकळणारं तेल, आणि भट्टीसारखं तापलं तरी न घसरणारे कडक ब्रेक पॅड. एवढं सगळं जुन्या चाकांत मावेना, म्हणून चाकंही बदलली.

मग गिअरबॉक्सची पाळी. वळणात माझं आतलं चाक हलकं होऊन नुसतं गरगरायचं आणि ताकद वाया जायची. ती ताकद दोन्ही चाकांना नीट वाटून देणारा नवा डिफरन्शिअल बसला. त्याच्या जोडीला कडक स्प्रिंगचा क्लच.

"साहेब, क्लच जड होईल हां," मेहबूबभाई म्हणाले. "ट्रॅकला मस्त. गावात पाय भरून येतो."

"सवय होते हो," वेणीमाधव म्हणाले. ते तेव्हा माझ्या पोटाखाली झोपलेले होते, नाकाला काळं लागलेलं, आणि यशश्री त्यांच्या हातात पाना देत होती. दोघं एका बोल्टवरून भांडत होते आणि दोघंही खूश होते. त्या दिवसांत त्या घरात सरोजिनीबाईंना कोणी काही विचारल्याचं मी ऐकलं नाही. गॅरेजमध्ये तरी त्यांचं नाव निघालं ते फक्त डबा उघडताना.

नंतरच्या ट्रॅकच्या दिवसाबद्दल खोटं कशाला बोलू? तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस होता. सरळ रस्त्याच्या शेवटी यशश्रीने ब्रेक दाबला आणि मी जमिनीला पंजा मारल्यासारखी थांबले. पुन्हा दाबला, पुन्हा थांबले. दुपारपर्यंत माझ्या डिस्क निखाऱ्यासारख्या झाल्या, तरी पेडल पहिल्यासारखं खाली खचलं नाही. वळणातून बाहेर पडताना दोन्ही चाकं मिळून ओढायची आणि मी रुळावर असल्यासारखी जायचे. शेवटच्या फेऱ्यांना वेणीमाधव शेजारी बसले, डोक्यावर हेल्मेट. पहिल्या वळणाला त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्याला ते हसायला लागले, लहान मुलासारखे, थांबेचनात. यशश्रीही हसत होती. बापाला असं हसताना तिने कधी पाहिलं नसावं.

घरी आल्यावर पार्किंगमध्ये उभं राहूनच त्यांनी सरोजिनीबाईंना फोनवर तो व्हिडिओ दाखवला. बाईंनी पूर्ण बघितला. म्हणाल्या, "छान हसलात हो." मग माझ्या दारावरचा मातीचा डाग पदराने पुसला.

सोमवारी त्या मला घेऊन निघाल्या. क्लच दाबताना त्यांना सीटवरून पुढे सरकावं लागलं. मुंबई नाक्याला मी गचका खाऊन बंद पडले, कितीतरी वर्षांनी. मागून हॉर्न. बाईंनी स्टिअरिंगला धरून क्लच पुन्हा दाबला. मी खूप प्रयत्न केला हो हलकं व्हायचा, पण स्प्रिंग माझं ऐकत नव्हती. ऑफिसच्या दारात ब्रेक असे किंचाळले की वॉचमन दचकला. आठवडाभर त्यांनी नेटाने नेलं. मग अधूनमधून रिक्षा. घरात म्हणाल्या, "पार्किंगचा त्रास होतो." सगळ्यांनी ते खरं मानलं. मोहिनीकडे जाणंही बंद झालं.

पुढच्या थंडीत एका सकाळी मात्र त्या खाली आल्या. त्यांच्या ऑफिसात निरोप समारंभ होता, त्यांचाच. नवी साडी नेसल्या होत्या. मला म्हणाल्या, "आज तुझ्याबरोबरच जायचं." मला काय वाटलं ते कसं सांगू?

नाशिकची जानेवारीतली सकाळ. माझ्या काचांवर दव होतं. गल्ली उताराची, आणि कोपऱ्यावर झुंबरबाईंचा भाजीचा गाडा. झुंबरबाई दिंडोरीकडच्या, कितीतरी वर्षं त्या कोपऱ्यावर बसणाऱ्या. एक स्कूटरवाला आडवा आला. बाईंनी ब्रेक दाबला, नेहमी दाबायच्या तेवढाच, हलका. पण माझे नवे पॅड तापल्याशिवाय पकडत नाहीत. भट्टीसाठी बनलेली वस्तू ती, थंडीत दगडासारखी. मी घसरत राहिले. बाईंनी जोर लावला तोवर उशीर झाला होता. स्कूटरवाला निसटला. मी गाड्यावर आदळले आणि गाडा झुंबरबाईंवर.

मेथीच्या जुड्या, टोमॅटो, सगळं रस्त्यावर. झुंबरबाई हात धरून खाली बसल्या होत्या.

"आगं ताई," त्या कळवळून म्हणाल्या, "जरा थांबायचं व्हतं ना!"

"थांबत होते हो," सरोजिनीबाई म्हणाल्या. "दाबला होता मी ब्रेक. शप्पथ, दाबला होता." मग त्यांनी झुंबरबाईंना रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. निरोप समारंभ त्यांच्याशिवायच झाला.

दुपारी तिघं माझ्याभोवती उभे होते. वेणीमाधवांनी विचारलं, "ब्रेक पुरेसा दाबला नाहीस का?"

यशश्रीचा चेहरा उतरला होता. "बाबा, थांबा. आई, हे पॅड थंड असताना नीट लागत नाहीत. आधी दोन-चारदा दाबून गरम करावे लागतात. मी तुला सांगायला हवं होतं."

"तुला माहीत होतं?"

"हो."

बाई नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला?"

वेणीमाधव माझ्या बॉनेटवर हात टेकून उभे होते. "पायलटला सांगितल्याशिवाय आम्ही साधा नटही बदलत नव्हतो," ते म्हणाले. "आणि इथे..."

"इथे पायलट कोण होतं, तेच विसरलात," सरोजिनीबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "गाडी माझी होती हो. इतकी वर्षं. एकदा विचारायचंत तरी. मी नाही म्हटलं नसतं." आणि किल्ली बॉनेटवर ठेवून त्या जिना चढून गेल्या.

यशश्रीने दुसऱ्या दिवशी सांगितलं, मी सगळं काढून टाकते, पहिल्यासारखी करते. सरोजिनीबाईंनी मान हलवली. "काही काढू नकोस. त्या दिवशीचं तुमचं हसणं मी बघितलंय. पळव तिला. पण तिकडेच. गावात नको." म्हणून माझी रवानगी सातपूरला झाली. आता ट्रॅकला जायचं तर मी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून जाते.

पण रवानगी व्हायच्या आधी काही आठवडे मी इंदिरानगरच्या पार्किंगमध्येच होते, चेपलेलं तोंड घेऊन. तिथून कोपरा दिसायचा. झुंबरबाईंचा हात प्लास्टरमध्ये, आणि त्यांच्या शेजारी स्टुलावर सरोजिनीबाई. एक ओरडायची, दुसरी तोलायची. सोसायटीतल्या बायका आधी बावरल्या, मग रांग लावायला लागल्या. वेणीमाधव पहाटे मार्केट यार्डातून भाजी आणून द्यायचे आणि मान खाली घालून निघून जायचे.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. झुंबरबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ताई, तुमी गाडी का म्हून सोडली?"

"भीती वाटते आता."

"मला बी वाटती. गाडी आली की मी मागं सरती. पर मी गाडा सोडला का? लय शानी मानसं ना तुमी!"

सरोजिनीबाई हसल्या आणि मेथीवर पाणी शिंपडायला लागल्या.

त्यानंतरही मी ट्रॅकवर गेले. यशश्रीच चालवते. पण ती आता ब्रेक फार लवकर दाबते. वळण दूर असतं, माझ्या अंगात अजून कितीतरी थांबण्याची ताकद शिल्लक असते, आणि तिचा पाय आधीच पेडलवर. बाकीच्या गाड्या पुढे निघून जातात. ती "च्च"ही करत नाही. वेणीमाधव येत नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात. शेजारची सीट रिकामी, पट्टा लावलेला.

माणसांना वाटतं, गाडीला चांगले सुटे भाग बसवले की गाडी सुखी. माझे भाग उत्तम आहेत, माझी काही तक्रार नाही. पण मला दोन्ही हवं होतं हो. ते काळं गुळगुळीत वळणही हवं होतं आणि धरणाच्या पाण्याकाठचा तो शांत तासही. माझ्यात बदल करताना कोणी एवढाच विचार केला असता, की ही कोणाकोणाची आहे, तर कदाचित दोन्ही मिळालं असतं. तुमच्या घरी कोणी हौसेने असं काही करत असेल तर त्यांना अडवू नका. फक्त घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा, एवढीच विनंती.

आता शेवटचं सांगते. गेल्या महिन्यात, भर दुपारी, गॅरेजच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि सरोजिनीबाई उतरल्या. एकट्याच. मेहबूबभाई जेवता जेवता उठले. "वहिनी, तुम्ही? साहेब बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मी हिला बघायला आले."

त्यांनी दार उघडलं. यशश्रीची सीट पार मागे असते, ती त्यांनी पुढे ओढली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मग क्लचवर पाय ठेवला आणि दाबला, पूर्ण तळाशी. ओठ घट्ट मिटलेले.

"जुना क्लच बसवू का, वहिनी?" मेहबूबभाईंनी विचारलं. "एका दिवसाचं काम. यशूबेटी काही बोलणार नाही."

"नको. तिचं बिघडेल." त्या पायाकडे बघत होत्या. "याची सवय व्हायला किती वेळ लागतो?"

"रोज चालवली तर पाय बसतो. रविवारी इकडचे रस्ते मोकळे असतात. आधी मी एक चक्कर मारून ब्रेक गरम करून देतो. मग तुम्ही."

"घरी सांगू नका इतक्यात."

"बिलकुल नाय."

त्यांनी मला चालू केलं. क्लच सोडला. मी गचका खाल्ला आणि बंद पडले. पुन्हा चालू केलं. या वेळी मी चार हात पुढे गेले, शेडच्या सावलीतून उन्हात, आणि पुन्हा बंद. बाईंचा श्वास जोरात चालला होता. त्यांनी कपाळ माझ्या स्टिअरिंगला टेकवलं आणि तसंच थोडा वेळ राहू दिलं. घाम माझ्यावर उतरला. मला तो किती वर्षांनी मिळाला.

"आज एवढंच," म्हणून त्या उतरल्या. "येते पुन्हा." आणि चालत फाटकाबाहेर गेल्या.

त्यानंतरचे रविवार गेले. मधे पाऊस होता, मधे त्यांच्या घरी पाहुणे होते असं मेहबूबभाई कोणाला तरी सांगत होते. ते दर रविवारी मला शेडबाहेर काढतात, वसाहतीच्या रिकाम्या रस्त्यावरून एक चक्कर मारतात, ब्रेक तापवून आणतात, आणि फाटकाकडे तोंड करून उभी करतात. हळूहळू मी गार होते. मग ते मला आत घेतात.

बरं, आता पुरे. तुम्ही निघा, तुम्हालाही कामं असतील. बाहेर रिक्षा थांबल्यासारखी वाटतेय. बहुतेक शेजारच्या लेथवाल्याकडे कोणी आलं असेल. तरी मी बघते.